आईच्या गॅरेजातली पिवळी गाडी

मोन्तेफिको,
३ जुलै १९९८

चि. ओरोंत्सो यास,
अनेक आशीर्वाद. द्यायची इच्छा नव्हती, पण मोठी बहीण म्हणून रीत पाळते.

फोन करू नकोस. फोनवर तू हसवतोस आणि माझा राग वाया जातो. म्हणून कागद घेतला.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. एकोणतीसला तिला घरी आणायचं आहे. काल तिचं गॅरेज झाडायला गेले, दार उघडलं, तर आत तुझी पिवळी अमेरिकन गाडी! ती आधीची निळी विकलीस तेव्हा सुटलो म्हणून मी देवळात मेणबत्ती लावली होती. ही तर तिच्याहून लांब. दोन्ही भिंतींना अशी चिकटली आहे की दारंच उघडत नाहीत. शेजारचा रोक्को सांगत होता की तू गाडीच्या छताच्या काचा काढून वरून बाहेर पडतोस. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, तारांतोच्या बंदरात साहेब म्हणून मिरवतो, आणि स्वतःच्या गाडीतून बोक्यासारखा उडी मारतो. ज्या फरशीवर आपण टोमॅटो पसरतो तिथं तेलाचं थारोळं साचलंय. मला शिसारी आली.

चौदा ऑगस्टला टोमॅटो येतील. एकावन्न वर्षं आईनं घराचा वर्षभराचा रस त्याच जागी आटवला. या वर्षी बसून का होईना, मीठ आणि बेझिलची पानं मीच घालणार, असं ती दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा सांगते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिचं हृदय थकलंय, पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा नाही. गाडी काढ.

तुझी,
नुंत्सिया


तारांतो,
१२ जुलै

ती. नुंत्सियाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हात धुतले, इतकं त्यातून तेल गळत होतं!

ताई, गाडी मी हौसेनं अडकवलेली नाही. अमेरिकेत मागचे वळणदिवे लाल चालतात, आपल्याकडे ते नारिंगी लागतात. तपासनीस म्हणाला, लाल दिवे घेऊन आलात तर कागद मिळणार नाही. नारिंगी दिवे मागवलेत, ते अजून वाटेत आहेत. कागदाशिवाय रस्त्यावर आणली तर पोलीस उचलून नेतील. मला इथं गल्लीत ती लावता येत नाही, आणि आईचं गॅरेज कोपरा मोकळा केल्यावर अगदी मापात बसलं.

या वर्षी रस अंगणात करा ना. नाहीतर बाजारातल्या बाटल्या आणा. आता त्याही चांगल्या मिळतात, आईला जिभेवर फरक कळायचा नाही.

मोठ्या मनानं घेशील ही आशा.
ओरोंत्सो


मोन्तेफिको,
२० जुलै

ओरोंत्सो,

आशीर्वाद नाहीत.

'कोपरा मोकळा केल्यावर' हे तू जाता जाता लिहिलंस. मी विजेरी घेऊन गाडीखालून पलीकडे सरपटत गेले. कोपऱ्यात बाबांनी बांधलेली रसाची चूल नाही. विटा पोत्यात भरून मागे टाकल्यास. चार बोटं लांबीसाठी तू चूल फोडलीस, आणि तीही आई दवाखान्यात आडवी पडलेली असताना! तुला घास कसा गिळवला?

बाजारातल्या बाटल्यांचं मी आईला वाचून दाखवणार नव्हते. तिनं पत्र हिसकावलं. वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं. जेवली नाही. चुलीचं तिला अजून ठाऊक नाही.

लिहितानासुद्धा तुझी किळस येते.
नुंत्सिया


तारांतो,
१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूल मी फोडली. दिवे आले की परत बांधीन असं म्हणत राहिलो. तेरा तारखेला गवंडी घेऊन येतो, गाडी ढकलून बाहेर काढतो आणि चूल उभी करतो. पोलीस नेतील तर नेऊ देत. आईला काही बोलू नकोस, ती यायच्या आधी सगळं जागेवर असेल असं वाटलं होतं, ते चुकलं.

पाठीवर धपाटा घाल, पण लोभ काढून घेऊ नकोस.
ओरोंत्सो


मोन्तेफिको,
१७ ऑगस्ट

ओरोंत्सो,

तेराला तू आला नाहीस, सोळालाही नाही. चौदाला सकाळी तुझा निरोप आला की बंदरात काम निघालं, सोळाला येतो, दोन दिवसांनी काय बिघडतं. पिकलेले टोमॅटो दोन दिवस उन्हात काय होतात हे आपल्या घरात जन्मून तुला माहीत नाही? आणि काम कसलं, तेही कळलं. पंधराच्या वर्तमानपत्रात गाल्लीपोलीच्या किनाऱ्यावर अमेरिकन गाड्यांच्या जत्रेचा फोटो आहे. दुसऱ्याच्या लाल गाडीला टेकून तू दात काढतो आहेस. टोपीसुद्धा तीच पिवळी.

आता ऐक. टेम्पो दारात उभा, पेट्या उतरलेल्या, आणि आईनं मला गॅरेज उघडायला लावलं. ती काठीवर वाकून गाडीखालून कोपऱ्याकडे बघत राहिली. चूल कुठं आहे, एवढंच विचारलं. मी सांगितलं. तिनं माझ्यावरही आवाज चढवला नाही. ओढणी बांधली आणि गल्ली चढायला लागली, विन्चेन्साच्या दाराकडे. ज्या बाईशी ती एकोणीस वर्षं बोलली नाही, तिच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली की बाई, मला तुझी चूल दे. विन्चेन्सानं दिली. वर खुर्चीही दिली. ते तिचे उपकार मला जन्मभर डोळ्यांत खुपतील.

आईनं मीठ घातलं, पानं घातली. रस चांगला झाला. नेहमीसारखी तिनं बुचांवर प्रत्येकाच्या नावाचं अक्षर खडूनं लिहिलं. मला, माझ्या मुलांना, रोक्कोला, विन्चेन्साला. तुझं अक्षर लिहिलेली बाटली ती स्वतः, फक्त रोक्कोला सोबत घेऊन, गॅरेजात ठेवून आली. मला येऊ दिलं नाही.

नुंत्सिया


मोन्तेफिको, गॅरेजातून,
९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

तू माहेरी नसताना मुद्दाम आलो, तोंड दाखवायला लाज वाटत होती. आई ओसरीवर बसली होती. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

दिवे येऊन पडलेत, लावले नाहीत. काचा काढून वरून गाडीत उतरलो, तर चालकाच्या जागेवर बाटली, आईनं रोक्कोकडून वरून उतरवलेली. बुचावर आईच्या हाताचं माझं अक्षर. वर आणून उजेडात बघितली. बाजारातली होती, ताई. दुकानाचं लेबल तसंच, किमतीची चिठ्ठीसुद्धा.

गाडी रोक्कोच्या मदतीनं गल्लीत ढकलली आहे. आज ना उद्या उचलून नेतील. फरशी सोड्यानं चार वेळा घासली, डाग गेला नाही. बाबांच्या विटांतल्या नऊ फुटल्यात, बाकीच्यांनी चूल उभी राहिली, थोडी बुटकी. तिच्यावर पहिलं भांडं ठेवलं ते त्याच बाटलीतल्या रसाचं. शेवया उकडल्या आणि आईसमोर बसून सगळं ताट संपवलं. तिला फरक कळायचा नाही असं मी लिहिलं होतं. मला पहिल्या घासाला कळला. ती बघत होती.

जेवण झाल्यावर तिनं माझं ताट उचललं नाही. मीच धुतलं.

पुढच्या ऑगस्टला ती असेल का, हे तुला विचारायचं धाडस नाही. असली, तर टोमॅटो गाळायच्या यंत्राचा दांडा मला फिरवू देईल का, एवढं विचारून ठेव.

तुझा,
ओरोंत्सो