बदकांची दुलई

प्रिय दारका,

रविवारी फोनवर तू विचारलंस, टोमॅटो उतरवले का, आणि मी हो म्हणाले. खोटं बोलले. टोमॅटो गेले सगळे. शनिवारी पहिलं दंव गोठलं आणि सकाळी बघते तर पानं काळी, उकडून ठेवल्यासारखी. मी मुद्दामच झाकली नव्हती. संध्याकाळी हिल्डा कुंपणावरून ओरडत होती, "युस्तिना, वारा पडलाय, आभाळ स्वच्छ आहे, चादरी काढ की बाई! की यंदा नुसतं वाफ्यातलं बुजगावणं होऊन उभी राहणारेस?" मी म्हटलं, तू तुझा कोबी सांभाळ, आणि दार लावून घेतलं. ऑक्टोबर संपता संपता घर दुसऱ्याचं होणार, मग मी कुणासाठी गुडघे मोडून घेऊ?

राग तुझ्यावरच होता, लपवत नाही. गिऱ्हाईक तू आणलंस, आणि पोरं चांगली आहेत, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण ती मुलगी बागेतून थेट कॅरागानाच्या झुडपांच्या कुंपणापर्यंत चालत गेली, टाच आपटून म्हणाली, "इथे गॅरेज. सगळीकडे काँक्रीट ओतून टाकू, चिखलाची कटकट नको." मी तिला हाताला धरून तिथून बाजूला केलं. तुला वाटलं, आईला भाज्यांचं वाईट वाटतंय. तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "कॅल्गरीत गॅलरीत कुंड्या ठेवू गं."

हे टोमॅटो मी कसे वाढवले होते, तुला ठाऊक आहे. बाबा फेब्रुवारीत गेले, जमीन लोखंडासारखी, आणि आपल्या देवळामागे कबरी अजून फावड्यानेच खणतात. वसंत येईपर्यंत त्यांना थांबावं लागलं. तू चिडलीस, आजच्या काळात हे काय म्हणून. मी मात्र त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत आंबट सायीच्या डब्यांतून रोपं केली. रोज त्यांच्याशी बोलायचे. बाबांना माती दिली आणि मग रोपं बाहेर लावली, मेअखेर, नेहमीसारखी. जुलैत गारांनी झोडपली, तरी उठली बिचारी. आणि मी त्यांना एका रात्रीत मरू दिलं. तुझे बाबा असते तर माझ्याशी आठवडाभर बोलले नसते.

आठवतं ना, दंवाच्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या जुन्या चादरी बागेत जायच्या? तिन्हीसांजेला ती पांढरी रांग बघून तू रडायचीस, बागेत माणसं उभी आहेत म्हणायचीस. पुढे मोठी झालीस आणि बाबांनाच चिडवायला लागलीस. कारण कुंपणालगतचा तो तुकडा. तिथे ते काही लावायचे नाहीत, शेपू आपला आपण उगवायचा, तोही खुडू द्यायचे नाहीत. आणि दंव पडणार म्हटलं की सगळ्यांत आधी तिथेच दुलई, पिवळ्या बदकांची, चारी कोपऱ्यांवर नदीतले गोल दगड. तू म्हणायचीस, "बाबा, गवताला सर्दी झाली तर औषध कोण पाजणार?" हिवाळ्यात अंगणातला बर्फसुद्धा ते फावड्याने त्याच तुकड्यावर ढकलायचे. तू हसायचीस, आणि तुझ्याबरोबर मीही हसायचे.

तर रविवारची सकाळ. टोमॅटो मेलेले, भोपळ्याचा वेल लोळलेला, आणि कुंपणालगत बदकांची दुलई. नीट पसरलेली. मी हिल्डाला फोन केला. ती म्हणाली, "मी कशाला येऊ? तू तोंडावर दार लावलंस ते विसरले नाही मी अजून." मग माझं लक्ष दाराशी गेलं. माझ्याच सपाता ओल्या होत्या, शेपूचं बी चिकटलेलं. म्हणजे मीच गेले असणार, घाबरू नकोस. पण मला आठवत नाही गं. आणि मी चादरींना कपड्यांचे चिमटे लावते, आयुष्यभर लावत आले. दुलईवर मात्र दगड होते, चार कोपऱ्यांवर, बाबांचे. तळघरातल्या बादलीतले. ती बादली मला रिकामीसुद्धा उचलवत नाही.

मागच्या नोव्हेंबरात तू आलीस तेव्हा बाबा खिडकीशी बसून हाका मारत होते, "दारका, आत ये, गार पडलंय." तू त्यांच्या शेजारी बसलेली. "बाबा, मी इथेच आहे," तू म्हणालीस, तर त्यांनी तुझा हात थोपटला आणि परत बागेकडे बघून हाक मारली. तू स्वयंपाकघरात येऊन रडलीस. त्यांचं डोकं चाललं, डॉक्टरकडे ने, म्हणालीस. मी बोर्श्टचं सूप ढवळत राहिले.

त्यांचं डोकं शाबूत होतं, बाळा. ते तुला हाक मारत नव्हते. तुझ्या आधी एक झाली होती. जानेवारी, हिमवादळ, रस्ते बंद, हिल्डाची सासू तेवढी धडपडत पोचली. मुलगी एकदा रडली आणि मग नाही. बाबांनी सगळीकडे पहार मारून पाहिली, नुसत्या ठिणग्या. शेवटी कुंपणाशी साचलेला तो उंच बर्फ उपसला. बर्फाखाली माती मऊ राहते, इथल्या कुठल्याही बागवाल्याला ठाऊक असतं. ती दुलई मी तिच्यासाठी शिवली होती, तुझ्या अंगावर कधी घातली नाही. वसंतात तिला देवळामागे नेणार होतो, पण तेव्हाचे पाद्री म्हणाले, नामकरण झालेलं नाही, कुंपणाबाहेर ठेवा. बाबा म्हणाले, मग ती माझ्याच कुंपणाच्या आत बरी. पुढच्या वर्षी तू आलीस आणि त्यांनी तुला तिचंच नाव दिलं. मला नको म्हणवेना. आता तिच्यावर काँक्रीट ओतणार आहेत, दारका, आणि मला ते सहन होणार नाही. आताच्या पाद्रींशी मी बोलले. तो पोरगा माझ्यासोबत रडला आणि म्हणाला, मेथोडीआजोबांच्या, म्हणजे आपल्या बाबांच्या, शेजारी जागा आहे, जमीन गोठायच्या आत आणा. येत्या शनिवारी ये. एकटीच ये, मुलांना आणू नकोस, तळघरातलं लहान फावडं मी धुऊन ठेवलंय. दुलई अजून तिथेच आहे, मी दगड हलवलेले नाहीत. आणि तिला उचलताना हाक तू मार. तिच्या नावाची हाक मारायला आता तुझ्यामाझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझीच, आणि तिचीही,
आई