बरणीतले निपचित

सोमवार, ३ मार्च
तळोद्याहून दोन जीपा बदलून, गुडघे पोटाशी घेऊन आले, आणि नवापूरच्या स्टँडवर घ्यायला कुणी नाही! घरी नातीने, नूतनने, कशी आहेस विचारलं. म्हटलं, जिवंत आहे, चहा टाक. घर मात्र झकास. हवा खेळती, नळाला पाणी. नातजावई भरत सुरतेला कामाला. रविवारी त्यांच्या तान्हीला घेऊन येतोय. पोर सांभाळायला मी. चौथीचं शिक्षण वाया नको म्हणून वही मांडली.

मंगळवार, ४ मार्च
नूतन कोंबड्यांचे रोग तपासते. टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी पाण्याची बरणी. त्यात म्हणे जंतू खाणारे जंतू. दुसऱ्याच्या अंगात शिरायचं, आतून कोरायचं, टरफल सोडायचं. मला दाखवले. उपाशी ठेवलेत, तरी पळत होते! उपाशी माणूस पडून राहतो. हे स्वतःचंच अंग जाळून शिकार शोधतात. मग मंदावतात. मग संपतात.

बुधवार, ५ मार्च
सगळे निपचित. नूतन म्हणाली, मरी गयात, ओती दे. ओतलं. पण घट्ट झाकणाची बरणी कोण फेकतं? घासली, उन्हात वाळवली, त्यातच दही विरजलं.

गुरुवार, ६ मार्च
दही लागलं नाही. साठ वर्षांत असं झालं नाही. नूतन हसत तेच दोन वाट्या प्यायली. मला दही सोसत नाही.

शुक्रवार, ७ मार्च
सकाळपासून बसली नाही. दार ते भिंत, भिंत ते दार. माले भूक लागी ऱ्हायनी, एवढंच बोलते. नऊ भाकरी खाल्ल्या, पोट खपाटीला. उरल्या दुधाचा थेंब काचेखाली पाहिला. विरजणाच्या जंतूंची नुसती टरफलं. आणि मधून ते बरणीतले पळतायत. मेले नव्हते. बळ राखून होते.

शनिवार, ८ मार्च
हळू चालते. कातडी लोंबतेय. मला हुंगून सोडते. माझ्यात काय उरलंय! शेजारची रुक्मिणीबाई विरजण मागायला आली, आणि ही अशी झेपावली— बाईला बाहेर ढकलून दार लावलं. ‘म्हातारीचं डोकं फिरलं’ असं माझ्या नावानं ओरडत गेली. ओरडू दे. वाचली.

रविवार, ९ मार्च
निपचित. श्वास सापडत नाही. रडत नाही मी— बरणीत पाहिलंय हे. भरतचा फोन लागत नाही. आतून कडी घातली—

जिन्यात तान्ही रडतेय.

नूतनची बोटं हलली.

भरत, हे पान दाराखालून सरकवते. पोरीला घेऊन उतर. नूतनच्या आवाजात हाक येईल— ओ देऊ नकोस. तिला ओ मीच देणार, तू नाही, तू फक्त पोरीचं तोंड दाब आणि