माझे सोमवार वाटणीत नाहीत

मी, देवकाबाई नत्थूजी भोयर, वय अडुसष्ट, राहणार आंजी (मोठी), जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. अक्षर वाकडे आहे, कारण हा उजवा हात गेल्या श्रावणात लुळा पडला होता. तो लिहितो आहे, हे पाहून माझे मलाच नवल वाटते.

१. राहते घर मुलगा चंदन व सून अंकिता यांना समान.

२. पापडाचे पाट आणि लाटणी अंकिताला. चाळीस वर्षे मी बसून पापड लाटले, पीठ चाखले, गालात तंबाखू धरली. घरच्या भाजीतही कमी मीठ मला खपत नसे. अंकिताने मीठ कमीच घालावे. गिऱ्हाईक तुटले तर तुटू दे.

३. मोठ्या जाऊबाई शोभाबाई यांना तिळाच्या तेलाची माझी बरणी. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी माझे तोंड वाकडे झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दवाखान्यात काऊन नेता? तेल चोळा, दोन दिवस पडू द्या." अंकिता म्हणाली, "तेल मंग चोळजा. चंदन, गाडी काढ!" तासाभरात मी वर्ध्याला पोचले. वेळेत आणले म्हणून हात वाचला, असे डॉक्टर म्हणाले. जाऊबाईंनी ते तेल आपल्या गुडघ्यांना लावावे.

४. डॉक्टरांनी माझ्या मेंदूचा फोटो दाखवला. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा डाग होता. तेवढ्याशा जागेत माझा हात होता, आणि माझ्या लेकीचे नावही होते! ती समोर उभी, मी तिला ओळखते, पण नाव येईना. तिसऱ्या दिवशी ते आपोआप ओठांवर आले, "मोहिनी". माझ्या डोक्यात एवढे सगळे कोणी मांडून ठेवले, या विचाराने मी अजूनही थक्क होऊन बसते.

५. दोष देवाचा नाही. बीपीची गोळी मी रोज घेत होते, फक्त उपवासाला नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे महिन्याचे सात दिवस सुटत. साबुदाणा चाले, शेंगदाणे चालत, गोळी तेवढी चालत नसे. हा शहाणपणा माझा, डॉक्टरांना कधी विचारलेच नाही.

६. पोस्टातली ठेव रोहणा गावी दिलेल्या लेकीला, मोहिनीला. तिला माझे बीपीही मिळाले आणि माझे उपवासही. परवा मी समजावले तर म्हणते, "आई, गोळीनं उपास मोडते न. देवाले काय सांगू?" मी म्हटले, "माह्या तोंडाकडे पाह्य आन् सांग." ती रडली, पण हो म्हणाली नाही. मला भीती वाटते. माझ्या वेळी अंकिता होती. मोहिनी दिवसभर घरात एकटी असते.

म्हणून माझे उपवास मी कोणालाही देत नाही. बाकी सगळी कलमे माझ्या माघारी लागू व्हावीत. हे कलम थांबणार नाही. उद्या सोमवार आहे. मोहिनी, सकाळच्या पहिल्या एसटीने मी रोहण्याला येते आहे. माझी गोळी मी तुझ्यासमोर घेईन, तुझी तू माझ्यासमोर घे. पाप लागलेच तर ते माझ्या नावावर लिहावे, असे मी देवालाही या कागदाने कळवते.

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
रूपराव चाफले
चंद्रभान ढगे

सही: देवकाबाई नत्थूजी भोयर (उजव्या हाताने)
आंजी (मोठी), रविवार, २५ जानेवारी २०२६