ग्लोव्हज सोडायला उशीर झाला, दीदी

प्रिय रेहानादीदी,

रविवारी मी हरले. सहा फेऱ्या झाल्या, तिन्ही पंचांनी एकच निकाल दिला, वाद घालायला तसूभरही जागा ठेवली नाही. हे तुला कळवायलाच हवं, कारण मला हरवणारी तू शिकवलेली तुझीच पोर आहे, मुलचेऱ्याची शंपा. पण मी हरले म्हणून लिहायला बसले नाही. हरल्यावर जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

तुला जाऊन चार महिने झाले. तू होतीस तेव्हा दोन ओळींचा मेसेज धड केला नाही, आणि आता चार पानं घेऊन बसलेय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच! पण काय करू? ज्याची माफी मागायची, ते मलाच तू गेल्यावर कळलं.

आधी तुझ्यावरचा राग काढून घेते. अंगात एवढा ताप असताना मुलींचा सराव कशाला घेत बसलीस गं? मला साधी शिंक आली तरी घरी पिटाळायचीस. मुलचेऱ्याहून तुला चंद्रपूरला आणलं तोवर मलेरिया डोक्यात गेला होता. दवाखान्यात मी पोचले तेव्हा तू कोणाला ओळखत नव्हतीस. मी तुझा हात धरून बसले.

तुला आठवते का आपली पहिली पंचिंग बॅग? बॉक्सिंगच्या जिमसाठी विकतची आणायची ऐपत नव्हती, म्हणून आपले कोच उईके सर तुझ्या अब्बांच्या, म्हणजे चाचांच्या, गादी कारखान्यात आले होते. चाचांनी जुन्या गाद्यांचा कापूस आणि शिंप्याकडच्या चिंध्या ठासून ठासून भरल्या, आणि तोंड तू शिवलंस, हातभर लांब दाभण घेऊन. आठ दिवसांत सगळा कापूस खाली बसला आणि बॅगेला पोट सुटलं. आपण तिला काकू म्हणायला लागलो. पठाणपुऱ्यातल्या त्या पत्र्याच्या गोदामात काकूला बदडून बदडून आपण दोघी प्रोफेशनल झालो, यावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि सरांचा तो नियम! तू माझ्याआधी दोन वर्षं तिथे होतीस, तुला तो पाठ होता. मला पहिल्या आठवड्यात कळला. हरणारीचे ग्लोव्हज तिची माणसं सोडतील. मग हरणारीनं रिंग ओलांडून जायचं आणि जिंकणारीचे ग्लोव्हज स्वतःच्या हातांनी सोडायचे. तोवर जिंकणारीनं तसंच थांबायचं, हात बांधलेले. मी विचारलं की हे काय नवीन, जिंकणारीला कशाला शिक्षा? सर गडचिरोलीकडचे, लहानपणी बापाबरोबर कोंबड्यांच्या झुंजींचा कोंबडबाजार पाहिलेले. ते म्हणाले, "कोंबडबाजारात हरलेला कोंबडा जिंकणारा घरी नेते अन् रस्सा करते. आपण माणसं आहो. आपलं वेगळं पाहिजे."

मला तेव्हा हसू आलं होतं. स्वतःचे ग्लोव्हज कोणालाच स्वतः सोडता येत नाहीत, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला किती वर्षं लागली!

आपल्या वजनाची तिसरी मुलगी जिल्ह्यात नव्हती. त्यामुळे आज ना उद्या समोरासमोर उभं राहावं लागणारच होतं. आयोजकानं हॉल घेतला तो लग्नाचा. रिंग उभी केली मांडवात, तुला दिली वधूपक्षाची खोली आणि मला वरपक्षाची. तू दारातून डोकावून विचारलंस की वरात कितीला निघणार. मी हसले नाही. मला जिंकायचं होतं, दीदी. आठवडाभर आधीपासून मी तुझ्याशी नीट बोलतही नव्हते.

मी हरले. दोन पंचांनी तुला दिलं, एकानं मला. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते आज सरळ सांगते. मला वाटलं, चोरी झाली. मला वाटलं, तू मोठी, सरांची लाडकी, म्हणून तुझा हात वर केला. तो व्हिडिओ पुढे मी दहा वेळा पाहिला. शेवटच्या दोन फेऱ्यांत तू मला उभं सुद्धा राहू दिलं नव्हतंस. पण त्या दुपारी मला कोण सांगणार, आणि मी कोणाचं ऐकणार?

माझे ग्लोव्हज निघाले तशी मी वरपक्षाच्या खोलीत गेले, बॅग उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. तिथे आचाऱ्यांच्या चुली होत्या. त्यांना वळसा घालून ऑटो केला, बसस्टँड गाठलं आणि मूल गावी आत्याकडे निघून गेले. फोन बंद. बसमध्ये बसून मी विचार करत होते की सोडतील तिची माणसं तिचे ग्लोव्हज, त्यात काय एवढं. खरं सांगू? तुझा विचार तेवढाच केला. बाकी सगळा रस्ताभर माझाच चालला होता.

तीन दिवसांनी जिममध्ये आले तर सरांनी फक्त मूलला पाऊस आहे का ते विचारलं. तू एका हातानं काकूला मारत होतीस. दुसऱ्या हाताची बोटं सुजलेली. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, दारात सापडली. मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

दुसऱ्या वेळी मी जिंकले. तुझ्या भुवईवर खोल जखम झाली होती. डॉक्टर तुला टाके घालत होते आणि मी माझ्या कोपऱ्यात ग्लोव्हज घालून खुर्चीवर बसले होते. नाकातून रक्त येत होतं, पुसता येईना. आईनं बाटली तोंडाला लावली तर अर्धं पाणी गळ्यावर सांडलं. पंधरा मिनिटं झाली असतील. मला वाटलं, आता ही पण येत नाही. फिटंफाट.

आणि तू आलीस. एक डोळा पूर्ण मिटलेला, चाचांनी खांद्याला धरलेलं. माझ्यासमोर खाली बसलीस, गाठ चाचपडत शोधलीस, बोटांनी सुटेना तर दातांनी ओढलीस. मग वर बघून म्हणालीस, "लई वेळ थांबा लागलं का तुले?"

आत मी चिडले होते, दीदी. मला वाटलं, ही मला लोकांसमोर धडा शिकवतेय, आपलं मोठेपण मिरवतेय. म्हणून मान वळवून आईकडे बघत बसले. तुझ्यासारखीला मी एवढं हलकं समजले, याची मला आता लाज वाटते.

त्यानंतर तू रिंग सोडलीस आणि मुलचेऱ्याला शाळेत खेळाची शिक्षिका झालीस. फोनवर सांगायचीस की इथल्या बंगाली निर्वासितांच्या गावांतल्या पोरी माशासारख्या निसटतात, हाती लागत नाहीत. बोलावायचीस. मी पुढच्या महिन्यात येते म्हणायचे. किती पुढचे महिने गेले ते तूच मोजले असशील.

तू गेल्यावर मी तुझ्या अम्मीजवळ बसायला जात होते. एकदा चाचांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली, आतून उशी आण म्हणाले. किल्लीला ग्लोव्हजची नाडी बांधलेली होती, पांढरी, टोकाला कापलेली. उशी घेऊन आले आणि मी सहज विचारलं ही नाडी कोणाची. चाचांनी किल्ली घेऊन नाडीवर अंगठा फिरवला. मग म्हणाले, आता तिची शपथ कोणासाठी पाळायची, आणि त्यांनी सगळं सांगितलं.

तू थांबली होतीस. मी मूलच्या बसमध्ये बसले होते आणि तू वधूपक्षाच्या खोलीत ग्लोव्हज घालून माझी वाट बघत होतीस. अम्मीनं ग्लासानं पाणी पाजलं. बोटं बधिर व्हायला लागली तशी चाचा विनवू लागले. उईके सर स्वतः येऊन म्हणाले की राहू दे आता, नियम मी केला, मीच मोडतो. तू त्यांनाही नाही म्हणालीस. हॉलवाले खुर्च्या उचलायला लागले, संध्याकाळी तिथे कोणाची मेंदी होती. दुपारचे दोन ते पाच! तीन तास तू माझ्याबद्दल एकच बोलत होतीस, "येईल ते. राग उतरला का येईल."

शेवटी चाचांनी दुकानातून गादीची मोठी कात्री मागवली आणि नाडी कापली. तू सगळ्यांकडून शपथ घेतलीस की प्रज्ञाला हे कळता कामा नये. ती नाडी चाचांनी किल्लीला बांधली, फेकवली नाही म्हणाले.

मी ती उशी तिथेच ठेवून खाली बसले. काऊन नाही सांगितलंस गं? एकदा तरी शिव्या द्यायच्या होत्यास! मी दोन दिवस रडले असते, भांडले असते, पण नंतर तुझ्या पाया पडले असते. तू मला तेवढीही संधी दिली नाहीस. ही एकच तक्रार मी तुझ्याबद्दल आयुष्यभर करत राहणार आहे.

आता रविवारचं. तोच हॉल. या वेळी वधूपक्षाची खोली मला मिळाली. शंपा समोर उभी राहिली आणि पहिल्याच फेरीत मला कळलं की ही कोणाच्या हाताखालची आहे. डावा खांदा तसाच किंचित खाली, आणि मारून झाल्यावर तसाच अर्धा पाय मागे. मी तुझ्याशी तिसऱ्यांदा लढत होते, आणि या वेळी तू वीस वर्षांची होतीस. तिनं मला स्वच्छ हरवलं.

आईनं माझे ग्लोव्हज सोडले. आता जायचं, एवढंच काम होतं. पंधरा पावलं. आणि दीदी, माझे पाय मागच्या दाराकडे वळले. सगळं ठाऊक असून वळले! ती किल्ली डोळ्यांसमोर असूनही वळले. हरण्याचा तो कडूपणा घशाशी येतो ना, तेव्हा माणसाला फक्त तिथून निघून जायचं असतं. मी दार ढकलून बाहेर गेले. चुली होत्याच. एक बाई भलं मोठं पातेलं घासत बसली होती. तिनं माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं, बाजूला सरकून नळ मोकळा करून दिला आणि पुन्हा घासायला लागली. मी तोंड धुतलं. तिच्या शेजारी दगडावर बसले. किती वेळ बसले ते माहीत नाही. मग उठले आणि आत गेले.

शंपा खुर्चीवर बसली होती. दोन्ही ग्लोव्हज मांडीवर. गालावरच्या ओरखड्यावर माशी बसत होती आणि ती मान झटकून उडवत होती. तिचा भाऊ कात्री घेऊन उभा, चेहऱ्यावर वैताग. ती त्याला बंगालीत काहीतरी समजावत होती. मला बघून तिनं निमूट हात पुढे केले.

मी खाली बसले. चिकटपट्टी काढली. आत तुझीच सुरगाठ होती, गादीला टाके घालताना चाचा मारतात ती, डावं टोक ओढलं की सुटणारी. घाईघाईत मी उजवं ओढलं आणि तिची निरगाठ करून ठेवली. मग दात लावले. दोन्ही हात मोकळे झाले तेव्हा कुठे मी तिच्याकडे बघितलं आणि उशीर झाला म्हणाले.

शंपा बोटं चोळत होती. म्हणाली, "मॅडमनं पहिलेच सांगून ठेवलं होतं. प्रज्ञादीदीले थोडा टाइम लागते, पण येते म्हणे."

दीदी, त्या दिवशी मी आले नव्हते. मी आलेच नव्हते गं! तुझी नाडी कात्रीनं कापली, बोटं सुजली, आणि तू मुलचेऱ्याच्या पोरींना सांगितलंस की ती येते. माझी पळून गेल्याची गोष्ट तू त्यांना उशिरा आल्याची म्हणून सांगितलीस, आणि माझ्यासाठी जागा राखून ठेवलीस. मी तिथेच त्या पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. सगळा हॉल बघत होता. तिच्या भावानं कात्री खिशात ठेवली.

काल मी चाचांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते, कापूस पिंजत होते. माझं संपल्यावर म्हणाले की चहा घेऊन जा. मी घेतला.

पुढच्या मोसमात शंपाशी पुन्हा लढायचं ठरलंय. तुला आता शब्द देते. हरले, तर डॉक्टर टाके घालायच्या आधी रिंग ओलांडेन. आणि जिंकले, तर ती येईपर्यंत बसून राहीन. तिला राग आला, ती घरी गेली, मुलचेऱ्याची शेवटची बस धरून गेली, तरी बसून राहीन. हॉलवाल्यांनी खुर्ची काढून घेतली तर जमिनीवर बसेन. माझ्या नाडीला कोणाला कात्री लावू देणार नाही. विचारलं कोणी, तर सांगेन, येईल ते.

उशिरा का होईना, तुझीच
प्रज्ञा