छिद्रांची की चिरांची

४ तारीख, मंगळवार

आलेला माल: गाडीच्या पुढच्या चाकांच्या ब्रेक-डिस्क, छिद्रांची जोडी एक – ६,४००. चिरांची जोडी एक – ५,८००. पॅडचा संच – १,१५०. हमाली – ४०. सोबत दुकानदाराची चिठ्ठी: दोन्हींतली नको असेल ती जोडी न लावता आठ दिवसांत परत पाठवावी, पैसे वळते करू.

खोकं ओट्याखाली सरकवलंय. दिसायला थाळ्या, पण एका हाताने उचलवत नाहीत. एकीला चाळणीसारखी भोकं. दुसरीला तिरप्या चिरा, सुरीने ओढल्यासारख्या. लोखंडाला भोकं पाडायची आणि वर त्याचे जास्त पैसे घ्यायचे!

ह्यांना विचारलं, कुठली ठेवायची? म्हणाले, "हिशेब तुझ्याकडे असतो ना? मग तूच ठरव." आणि पेपर तोंडासमोर धरला. तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस हे मला विचारतो. मला, जिला सायकलसुद्धा येत नाही.

५ तारीख

लिहून काढते, म्हणजे छातीवरचं जरा उतरेल.

गेल्या शुक्रवारी डोंगरावरच्या शाळेतून खाली येताना शेवटच्या मोठ्या वळणावर ब्रेक लागला नाही. मागे रोज भाड्याने येणाऱ्या तिन्ही शिक्षिका, पुढे ह्यांच्या शेजारी त्याच शाळेत शिकणारी आमची धाकटी. गाडी दगडी कठड्याला घासत गेली आणि थांबली. एक दिवा फुटला, दार खरवडलं. बाकी कुणाला काही नाही – परमेश्वरा, तुझेच उपकार.

घरी येऊन कुणी अवाक्षर काढलं नाही. धाकटीला वाढताना तिचे तळहात दिसले. तिची स्वतःचीच नखं रुतली होती दोन्ही हातांत. तेव्हा कळलं.

गॅरेजच्या मिस्त्रींनी चाक उतरवून मला मुद्दाम बोलावून दाखवलं. डिस्क निळी पडली होती. रिकामी कढई आचेवर विसरली की पडते तशी. म्हणाले, वहिनी, हे लोखंड भाजलंय. मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, साहेब, उतारावर पाय ब्रेकवर ठेवूनच बसता का? झालं! ह्यांचा पारा चढला. मला गाडी शिकवतोस का, इथपर्यंत गेलं. मिस्त्रींनी बिचाऱ्यांनी विषय सोडला. मग म्हणाले, तापलेलं सोसणाऱ्या, शर्यतीच्या गाड्यांसारख्या डिस्क मागवा. त्या ह्या.

तिघींपैकी गणिताच्या बाई सकाळी दारात येऊन गेल्या. भांडल्या नाहीत, ते जास्त लागलं. गाडी नीट होईपर्यंत आम्ही बसने जाऊ म्हणाल्या. ह्या तिघींच्या भाड्यावर आमचं घर चालतं. बसची एकदा सवय लागली तर कशाला परत येतील?

६ तारीख

भाऊजी आले. चहा होईपर्यंत खोकं उघडून बसले. शर्यतीच्या गाड्यांना भोकांच्याच असतात म्हणे. वारा आरपार जातो, डिस्क गार राहते. "वहिनी, डोळे मिटून छिद्रांची ठेवा." भाऊजींना सगळं माहीत असतं, स्वतः मात्र स्कूटर उताराला लागली की उतरून हाताने धरून नेतात. तसं म्हटलं तर हसले आणि आणखी एक चहा प्यायले.

दुपारी मिस्त्रींकडे गेले. त्यांचं उलटंच. छिद्रांची गार राहते हे खरं, पण तापून गार, तापून गार होत राहिली की भोकाच्या कडेला तडा पडतो, आणि तो एका भोकातून दुसऱ्या भोकात जातो. मग? मग तुटते, म्हणाले. चालत्या गाडीत. चिरांची तशी तुटत नाही. चिरा डिस्कला आवळणाऱ्या पॅडवरचा जळका थर खरवडून काढतात, म्हणून पकड टिकते. पण पॅड लवकर खाते आणि घरघर आवाज करते.

म्हणजे एक तुटेल आणि एक खाईल. ह्यातलं निवडायचं मी!

संध्याकाळी दोन चिठ्ठ्या लिहून देवापुढे टाकल्या. हात पुढे केला आणि लाज वाटली. जन्मभर त्याच्याकडे काही मागितलं नाही फारसं, आणि आता त्याला गॅरेजचं काम सांगायचं? चिठ्ठ्या चुलीत घातल्या.

७ तारीख

आज ह्यांच्यावर उगाच ओरडले. बाहेरून आले ते एका पायात चप्पल, दुसरी फाटकात पडलेली. तसेच आत येऊन खुर्चीत बसले, पत्ताच नाही. म्हटलं, अहो, लक्ष कुठे असतं तुमचं? माझाही जीव ठिकाणावर नाही, ह्यांचा तरी कसा असेल?

गेल्या दोन महिन्यांत बूटही दोनदा बदलले. जाड तळाचे नको, पातळ हवेत. आता तेही नीट नाहीत म्हणतात.

८ तारीख

चिरांची ठेवली. खाईल ती खाईल. पॅड परत आणता येतात. तुटणारं नको.

छिद्रांची परत पाठवली. टपाल खर्च १८०. मिस्त्रींनी दुपारी चिरांची बसवली, मजुरी निम्मीच घेतली. नवी डिस्क आधी हलक्या ब्रेकने मुरवावी लागते, म्हणून स्वतः सपाट रस्त्यावर फिरवून आणली.

१० तारीख

आज ह्यांनी आणि धाकटीने पहिली फेरी केली. शिक्षिका अजून नाहीत. पाच वाजल्यापासून खिडकीत उभी होते. भाजी करपली. हॉर्न ऐकला तेव्हा तिथेच खाली बसले.

सगळं ठीक झालं म्हणे. घरघर होते, पण थांबते. आज देवापुढे दोनदा दिवा लावला. तेल जास्त गेलं. जाऊ दे!

११ तारीख

गणिताच्या बाईंना निरोप पाठवला की नवीन डिस्क बसवल्या. सोमवारपासून येऊ म्हणाल्या. देव पावला.

१३ तारीख, गुरुवार

गाडी दारात थांबली आणि वास आला. जळका. फाटकापर्यंत आला. मी चाकाजवळ हात नेला तर धग लागली. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, नव्या वस्तूचा असतो वास. आणि अंघोळीला गेले. बादलीत हात घालून पाहिला, पटकन बाहेर काढावा लागला, इतकं कढत पाणी. हे त्यात पाय सोडून बसलेले. कोमट आहे म्हणाले!

जेवताना धाकटी हळूच म्हणाली, "आई, बाबा गाडी चालवताना खाली बघतात."

"खाली कुठे?"

"पायांकडे. पाय कुठे आहे ते बघतात. मग ब्रेक लावतात."

मी तिलाच दटावलं. बापाच्या गाडी चालवण्याला नावं ठेवायची नाहीत म्हटलं. ती उठून गेली. ताटात अर्धी भाकरी तशीच.

१४ तारीख

चिरांचीही निळी पडली.

सकाळी मिस्त्रींनी चाक काढलं, मी तिथेच होते. चिरांच्या मधली जागा निळी, जांभळी. एवढा खर्च, एवढा विचार, आणि आठवडाही टिकली नाही. मीच चुकीची निवडली. भाऊजींचं ऐकायला हवं होतं. गार तरी राहिली असती. सोमवारी त्या तिघी गाडीत बसणार आहेत, आणि मी त्यांना निरोप पाठवून बसलेय की सगळं नीट झालं.

देवा, कुणाला काही झालं तर ते माझ्या माथ्यावर. मीच ठरवलं होतं.

१५ तारीख, शनिवार

गाडीची किल्ली देवाच्या मूर्तीमागे लपवली. हे शोधत होते. मला विचारलं मात्र नाही.

मग किल्ली घेऊन मीच मिस्त्रींकडे गेले. म्हटलं, तुम्ही चालवा, मला शेजारी बसवा, वरपर्यंत जाऊन खाली आणा. पैसे घ्या हवे तर. मिस्त्री हात पुसून निघाले.

मी पुढच्या सीटवर. माझे पाय खाली टेकत नाहीत, लहान मुलीसारखे लोंबत होते. चढ संपला आणि उतार लागला तसं मी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. मिस्त्री म्हणाले, वहिनी, डोळे उघडा आणि बघा. प्रत्येक वळणाआधी जरासा ब्रेक, मग पाय बाजूला. परत जरासा, परत बाजूला. गाडी दर वेळी शहाण्या गायीसारखी थांबत होती. शेवटच्या मोठ्या वळणावर त्यांनी मुद्दाम जोरात ब्रेक लावला. मी पुढे आदळले असते. गाडी जागच्या जागी उभी! कठड्यावर आमच्या रंगाचा ओरखडा अजून आहे.

खाली येऊन त्यांनी चाकाकडे बोट दाखवलं. हात जवळ न्या म्हणाले. नुसतं कोमट.

"डिस्क वरून भाजली आहे, पण सरळ आहे. चालेल अजून खूप." मग किल्ली माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, गाडीला काही झालेलं नाही."

'गाडीला' म्हणाले. घरी येईपर्यंत तो एकच शब्द डोक्यात.

फाटकात ह्यांची एक चप्पल पडली होती. मी ती बघत तिथेच उभी राहिले. मग एकेक आठवायला लागलं. बूट. कढत पाणी. धाकटीचं बोलणं – आणि मी तिलाच दटावलं होतं!

१६ तारीख, रविवार

सकाळी जेवणाआधी म्हटलं, तेल लावून देते पायांना. नको नको म्हणत बसले खुर्चीत. मी खाली पाटावर बसले. टाचेला हा एवढा फोड, कढत पाण्याचा. ह्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

म्हटलं, डोळे मिटा. गंमत करू. मी कुठलं बोट धरलंय ते सांगा.

मिटले डोळे. मी उजव्या पायाचा अंगठा धरला. जरा दाबला. मग चांगला जोरात दाबला.

हे हसले. म्हणाले, "अगं, आधी धर तरी!"

मी केव्हाची धरून बसले होते.

ह्यांनी डोळे उघडले आणि माझा हात पाहिला. तेल माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. मग म्हणाले, "पाय ब्रेकवर आहे की नाही तेच कळत नाही गं. उचलला असं वाटतं, आणि तो तिथेच असतो." किती दिवस? उन्हाळ्यापासून. मग बोलला का नाहीत? बोललो असतो तर खाल्लं काय असतं, म्हणाले.

आणि मी इथे लोखंडाची भोकं आणि चिरा मोजत बसले होते.

संध्याकाळी गणिताच्या बाईंच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. उद्या गाडी येणार नाही म्हटलं. त्यांनी मला आधी पाणी दिलं.

१८ तारीख

दवाखाना. रक्त तपासलं. साखर. केव्हापासून अंगात मुरली असेल, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, गोळ्या, पथ्य आणि पाय जपणं. गेलेली जाण परत येईल असं धरून चालू नका, आहे तेवढी राखा. गाडी मात्र बंद.

बाकावर बसलो होतो दोघं. रविवारीच मी ह्यांना किल्ली परत दिली होती, ती ह्यांनी खिशातून काढून माझ्या तळहातावर ठेवली. गाडी विकावी लागणार असं माझ्या मनात आलं आणि रडू फुटलं, भर दवाखान्यात. हे मात्र माझ्या पायांकडे बघत होते. बाकावरून लोंबत होते ते, नेहमीसारखे.

"तुला चपलेखालचा खडा कळतो ना?"

म्हटलं, हा काय प्रश्न? कळतो की.

"मग झालं," म्हणाले.

२१ तारीख

दुकानदाराला पत्र टाकलं. मजकूर ह्यांनी सांगितला, मी लिहिला. नक्कल इथे ठेवते:

"चिरांची जोडी उत्तम आहे, तक्रार नाही. दुसरी जोडी पोचली असेलच. त्या पैशांत तिन्ही पेडलना लावायचे उंचीचे ठोकळे आणि सीटवर टाकायची जाड उशी मिळेल का? गाडी चालवणारीची उंची चार फूट दहा इंच. सध्या ती सपाट मैदानावर शिकते आहे. शिकवणाऱ्याला तीस वर्षांचा अनुभव आहे. कृपया उलट टपाली कळवावे."