विशाखाला कुठल्या शाळेत घालायचं?

नाशिक,
२ ऑगस्ट १९८१

आदरणीय अण्णांस,
सुनंदाचा मनापासून जयभीम.

मी खुशाल आहे. मावशीकडे कसलीच आबाळ नाही. आईची कंबर आता कशी आहे?

धाकट्या विशाखाला गावातल्या मुलामुलींच्या शाळेत ठेवू, की तुझ्यासारखं नाशिकच्या कन्याशाळेत घालू, असं तुम्ही विचारलंत.

इथे कॉलेजात आमच्या वर्गात मुली थोड्याच आहेत. परवा फिजिक्सचं एक गणित कळलं नाही म्हणून मी उभी राहिले, तर मागे मुलांनी पाय आपटले. मी खाली बसले. पण राहवेना, म्हणून पुन्हा उठून विचारलं. सरांनी नीट समजावलं. तास सुटल्यावर त्यातलाच एकजण म्हणाला, "बरं झालं विचारलंस. मलाही येत नव्हतं."

माझ्या बाकावरची सिंधू म्हणाली, "मी पहिलीपासून मुलांबरोबर शिकले, पण वर्गात कधी तोंड उघडलं नाही."

कन्याशाळेत फळ्यापाशी जायला आम्हीच होतो, म्हणून मला उठता आलं. पण मुलांची सवय असती, तर त्यांनी पाय आपटल्यावर मी खाली बसले नसते. काळजी करू नका, आता बसत नाही.

विशाखाला गावातच ठेवलंत, तर मुलींना पुढे बसवा असं हेडमास्तरांना सांगा. इकडे पाठवायची असेल, तर आधी तिला विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं अण्णा, आणि पहिलं वर्षभर मी मावशीच्या नकळत रडत होते.

आईला सांभाळा.

तुमची,
सुनंदा