रविवारी संध्याकाळपासून

बोईसर,
१२ जानेवारी २०२४

प्रिय शालू,
सप्रेम नमस्कार वि. वि.

चिकू पोचले. तांदळाच्या डब्यात ठेवले होते, कालपासून खायला काढले. तुमच्या माहीमच्या वाडीतला चिकू खाल्ला की आमच्या इथल्या हवेतला केमिकलचा वास घटकाभर विसरायला होतो.

तुझ्या प्रणवने भरून दिलेल्या पेनड्राइव्हमधले आणखी दोन सिनेमे पाहून झाले. आमच्या घरात त्यांना ‘सावल्यांचे सिनेमे’ असंच नाव पडलंय. हे म्हणतात, तीच टोपी, तीच सिगारेट, तोच ओला रस्ता, यांच्याकडे दिवे नव्हते काय? मी म्हटलं, तुम्ही झोपा. मला ते खिडकीच्या पट्ट्यांचे अंगावर पडलेले गज फार आवडतात. माणूस अजून पकडला गेलेला नसतो, पण आपल्याला कळलेलं असतं. आणि त्या बायका! नवरा मेल्याचं सांगायला पोलीस दारात आले, तरी आधी आरशात केस नीट करतील. तुला ऐकू कमी येतं म्हणून हा आपला पत्रांचा संसार टिकला बघ. नाहीतर फोनवर ‘जेवलीस का’ विचारून आपणही मोकळ्या झालो असतो.

आता खरी बातमी. आमच्याच मागच्या चाळीत एक सिनेमा चालू झालाय. शेवटच्या खोलीत रूपेश आणि दीपिका म्हणून जोडपं राहतं, मनोरच्या आतल्या पाड्यावरचं. तो केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली हेल्पर, ती औषधांच्या पॅकिंगला. गेल्या रविवारी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, भिंती पातळ, सगळ्यांनी ऐकलं. आणि या आठवड्यात तो गडी नाहीसा झालाय! बायको रडत नाही. रोज फर्स्ट शिफ्टच्या बसने कामाला जाते. दुपारी काळ्या मोटारसायकलवर एक माणूस येतो, गॉगल न काढता दारातच तिच्याशी बोलतो. काल तर तिने मागच्या मोकळ्या जागेत नवऱ्याचे कपडे जाळले. मी जिन्यावरून पाहिलं. आता सांग, याला काय म्हणायचं?

नरहरीभावजींच्या गुडघ्याचं कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
हेमांगी

*

माहीम, पालघर,
१७ जानेवारी २०२४

प्रिय हेमा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तिळगूळ सोबत पाठवते, गोड मानून घे. ह्यांचा गुडघा तसाच. वाडीत मोगऱ्याची छाटणी चालू आहे आणि माणसं मिळत नाहीत.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हेमांगीला पोलिसात घ्या. मला विचारशील तर सिनेमात चेहऱ्याकडे बघू नये, हाताकडे बघावं. खोटं बोलणारी बाई चेहरा सांभाळते, हात सांभाळत नाही. तुझ्या त्या दीपिकेचे हात बघ एकदा. आणि मोटारसायकलचा नंबर टिपलास की नाही? इतके सिनेमे पाहून काय उपयोग!

थट्टा पुरे. एक मात्र मला सारखं वाटतं. त्या सिनेमांत सावली आपोआप पडत नाही. कुणीतरी दिवा नेमका तिथे आणून ठेवलेला असतो, म्हणून बाई तशी दिसते. तू तिच्याशी बोललीस का? चहाचा कप घेऊन गेलीस तर काय बिघडेल? नवऱ्याचा पत्ता नाही, आणि ती कामाला जाते. मला तर ते घाबरलेल्या माणसाचं लक्षण वाटतं.

शैलेशभावजींना नमस्कार. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी,
शालू

*

बोईसर,
२६ जानेवारी २०२४

प्रिय शालू,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तिळगूळ मिळाला. चहाचा कप घेऊन जाईन म्हणत होते, तेवढ्यात पोलीसच आले. तिनेच नवरा हरवल्याची तक्रार दिली होती म्हणे. घरमालकीण म्हणून मला विचारलं. मी सगळं सांगितलं. भांडण, मोटारसायकल, जाळलेले कपडे. शेवटचा कधी दिसला असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, रविवारी संध्याकाळी. त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही. साहेबांनी ते लिहून घेतलं, मी सही केली. माझा आवाज अगदी ठाम होता बघ, मला माझंच नवल वाटलं.

दीपिकेचं म्हणणं असं की सोमवारी सकाळी ती कामाला निघाली, तेव्हा तो घरात झोपलेला होता. साहेब तिला म्हणाले, घरमालकीण तर वेगळंच सांगते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, मावशी, तुमी तरी खरं बोला. मी जिन्याकडे वळले. तिला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायकांनी तिच्या दारावरून जाताना मुलांना ओढून घेतलं. पॅकिंगच्या कंपनीने तिला गेटवरूनच परत पाठवलं. परवा ती खोलीला कुलूप लावून गेली, भांडी आतच आहेत.

तिचे हात मी पाहिले. तू सांगितलंस म्हणून. सारखे पदराला पुसत होती. तेव्हा मला वाटलं, बरोबर ओळखलं आपण. आता रोज जिन्यावरून ती बंद खोली दिसते आणि जेवण जात नाही. सिनेमा तिथे संपतो ना, बाईला गाडीत बसवतात तिथे. इथे संपतच नाही.

राग मानू नकोस, उत्तर लवकर दे.

तुझी,
हेमांगी

*

माहीम, पालघर,
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय हेमा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

आमच्या वाडीत मोगऱ्याच्या कामाला पारू म्हणून बाई येऊ लागली. आठ दिवस आलीच नाही. काल आली, तेव्हा मी रागावले. ती म्हणाली, बाई, भाचजावय मेला माझा, दिवस करून आले. कुठे काम करायचा विचारलं, तर बोईसरला. हेमा, पारू ही दीपिकेची आत्या आहे.

रूपेश हायवेच्या कडेला, मनोरच्या अलीकडे पडलेला सापडला होता. गाडीने उडवला असेल म्हणून नोंद झाली. ओळखणारं कुणी नाही म्हणून अग्नीही दिला गेला. दीपिकेला नुसता फोटो बघायला मिळाला. पण त्याच्याबरोबर कामाला असलेल्या दोघांनी पारूच्या भावाला सांगितलं की सोमवारी सकाळी कॉन्ट्रॅक्टरने रूपेशला टाकी साफ करायला आत उतरवलं. आत गॅस होता. बाहेर काढला तो गेलेलाच होता. दुपारी, चांगल्या लख्ख उन्हात, त्याला गाडीत घालून नेलं. ते दोघं आता गावाला निघून गेले, साक्ष द्यायला कुणी तयार नाही.

तो मोटारसायकलवाला कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर. तो तिला रोज येऊन सांगायचा, नवरा दुसऱ्या बाईबरोबर गुजरातला पळाला, बोभाटा केलास तर तुझीही नोकरी जाईल. ती कामाला जात राहिली ती त्या धाकाने. आणि कपडे जाळले ते कामावरचे जुने, केमिकलने चाळण झालेले. त्यांना हात लावला की तिचे हात सोलायचे. म्हणून ती हात पुसत होती, हेमा.

कंपनीचं म्हणणं एवढंच, सोमवारी तो कामावर आलाच नाही. आणि त्यांच्याजवळ पुरावा आहे. घरमालकिणीने सही करून सांगितलंय की तो रविवार संध्याकाळपासूनच गायब होता.

मला एकच सांग. रविवारनंतर तो तुला खरंच दिसला नव्हता?

शालू

*

बोईसर,
१६ फेब्रुवारी २०२४

शालू,

दिसला होता. सोमवारी सकाळी, चाळीच्या पाण्याच्या टाकीपाशी, कंपनीचा निळा शर्ट घालून. माझ्याशी बोललाही.

खोटं बोलायचं असं ठरवून मी बोलले नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा भांडण रविवारचं होतं, आणि रविवारनंतर तो दिसला नाही म्हटलं की सगळं कसं जुळून येत होतं. सोमवार मध्ये आला की जुळत नव्हतं. मी मनात म्हटलं, टाकीपाशी पाहिलं ते शनिवारी असेल. मला ठाऊक होतं शनिवार नव्हता.

ह्यांना सांगितलं. ते पांढरे पडले. त्याच कंपनीचे ड्रम आपला टेम्पो उचलतो, तुला माहीत आहे. म्हणाले, गेलेला माणूस परत येणार आहे का, आता तोंड उघडलंस तर आपण रस्त्यावर येऊ, वर खोटी साक्ष दिली म्हणून तुलाच आत घालतील. दोन दिवस मी ह्यांचं ऐकते आहे. काय करू ते तू सांग.

हेमांगी

*

माहीम, पालघर,
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय हेमा,

मी काय सांगणार. जा.

हात बघ म्हणून मीच लिहिलं होतं, ते मी विसरलेले नाही. दूर बसून मला मजा वाटत होती. मीही बरोबर आले असते, पण ह्यांचं ऑपरेशन ठरलंय, घर सोडता येत नाही. साहेबांकडे जाऊन ये. मग पारू तुला मनोरच्या स्टँडवर भेटेल, ती पाड्यावर घेऊन जाईल. तिथेही जायलाच हवं. त्या मुलीसमोर उभं राहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

शाळेत बाईंनी मला बाकावर उभं केलं, तेव्हा तू न सांगता माझ्याशेजारी चढून उभी राहिली होतीस. माझी मैत्रीण ती आहे, एवढं मला अजून वाटतं.

शालू

*

बोईसर,
१० मार्च २०२४

प्रिय शालू,
सप्रेम नमस्कार वि. वि.

भावजी काठी घेऊन चालायला लागले हे वाचून बरं वाटलं. त्यांना जिना चढू देऊ नकोस.

मी गेले. साहेबांनी अर्धा दिवस बाकावर बसवलं, मग आत बोलावलं. मी सांगितलं, सोमवारी सकाळी रूपेशला मी पाहिलं, तो कामावर जायच्या कपड्यांत होता. ते मान वर न करता म्हणाले, बाई, तुम्ही खोटं कधी बोललात, तेव्हा की आता? मी म्हटलं, तेव्हा. त्यांनी नवा जबाब घेतला, पण जुना काही पुसला जात नाही, दोन्ही कागद एकाच फायलीत राहणार. कंपनीच्या वकिलाने लगेच म्हटलं की या बाईचं डोकं ठिकाणावर नाही, आज एक सांगते, उद्या दुसरं. तपास चालू आहे एवढंच सगळे म्हणतात. त्यातून काही निघेल असं मला वाटत नाही, आणि तुझ्याजवळ मी खोटी आशा लिहिणार नाही. आपला टेम्पो दुसऱ्याच दिवशी गेटवरून परत आला. हे माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की जेवतात आणि उठतात.

काल मनोरला गेले. पारू स्टँडवर थांबली होती. रिक्षाने फाट्यापर्यंत आणि पुढे चालत. दीपिका अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला पाहिलं आणि परत फुलं पसरू लागली. तिच्या सासूने खाट पुढे केली, मला बसवेना. मी उभ्यानेच सांगितलं, माझं चुकलं, मी साहेबांकडे जाऊन खरं सांगून आले. ती म्हणाली, आता सांगून काय होल? त्याला तर जाळून पन टाकला. मला माझ्या मानसाचं तोंड पन बघायला नाय भेटलं. त्यात राग नव्हता, शालू. बाजारात भाव सांगावा तसं तिने सांगितलं.

मी निघाले. कुडाच्या कोपऱ्यापर्यंत पोचले, तेव्हा तिने हाक मारली. म्हणाली, म्हणजे सोमवारी तुमी त्याला बघितलात. खरंच बघितलात? मी हो म्हटलं. तिने विचारलं, काय बोलला?

तेव्हा मला कळलं की हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. सांगणारी मी एकटी होते. रविवारी भांडण झाल्यावर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, सकाळी त्याला न उठवता कामावर गेली. तेच शेवटचं धरून ती इतके दिवस बसली होती.

मी सांगितलं. तो टाकीपाशी आला, म्हणाला, मावशी, मोटर लवकर बंद नका करू. दीपिका शिफ्टवरून येल, तिला न्हायचं हाय. रातची रुसली हाय, मी बोललो तर बोलायची नाय, तवा पानी तरी भरून ठेवतो. मग त्याने ड्रम भरला, दोन बादल्या भरल्या, त्यांवर फळी झाकली. मला म्हणाला, सांगू नका मी भरलं म्हणून.

तिच्या हातातली फुलं तशीच राहिली. ती म्हणाली, ते पानी त्यानं भरलं होतं? मला वाटलं शेजारणीनं भरलं. मी न्हाले त्या पान्यानं. दुपारी आल्या आल्या न्हाले.

तिची सासू तोंडाला पदर लावून आत गेली. दीपिका रडली नाही. मला परत बोलावून खाटेवर बसवलं, शेजारी बसली आणि म्हणाली, परत सांगा. मी परत सांगितलं. शर्ट कसा होता, केस ओले होते का, हसला का, सगळं विचारलं तिने. हसला होता, तेही सांगितलं. मग म्हणाली, पहिल्यापासून सांगा. मी पहिल्यापासून सांगायला लागले, तेव्हा त्याचे शब्द माझ्याआधी तीच पुटपुटत होती. एका ठिकाणी मी चुकले, आधी बादल्या म्हणाले, तर तिने मला थांबवलं. नाय, आधी ड्रम.

पुन्हा ये असं ती म्हणाली नाही. फाट्यापर्यंत पारूच सोडायला आली.

तू माझी आहेस एवढं पत्रातून कळू दे, दुसरं काही मागत नाही.

तुझी,
हेमांगी